आकाशवाटेचे प्रवासी : जे. आर. डी. टाटा

मुलांनो, पिंपरी-चिंचवडमधील टाटा मोटर्सचा कारखाना तुम्हांला माहीत असेल. जुनी माणसे त्याला आजही टेल्को म्हणतात. 1960 च्या दशकात टेल्को इथे आली, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. त्यांची दुसरी ओळख याहून मोठी आहे. दूरदूरची शहरे त्यांनी विमानाने जवळ आणली.

जे. आर. डी. यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. लहानपणीच त्यांना विमानाचे वेड लागले. 1929 साली त्यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना होता.

1930 सालासाठी आगा खान यांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड आणि भारत यांमधील प्रवास एकट्याने विमान चालवून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंड मिळणार होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा 17 वर्षांचा तरुण इंग्लंडहून निघाला. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे प्लग बिघडले होते आणि तो अडकून पडला होता. जे. आर. डी. गप्प राहिले असते, तर बक्षीस त्यांचेच होते. पण त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी थोड्याच तासांच्या फरकाने जिंकला. हाच अस्पी 1960 साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

त्या काळी लंडनची विमानटपाल कराचीपर्यंत येई व पुढे रेल्वेने जाई. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टपालाच्या पिशव्या घेऊन सकाळी कराचीहून उडाले. अहमदाबादला थांबून ते दुपारी मुंबईला जुहू येथे उतरले. सुमारे 1000 किलोमीटरच्या या प्रवासाला सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. आजचे जेट विमान एवढे अंतर सुमारे दीड तासात कापते.

पुढे 8 जून 1948 रोजी त्यांच्या कंपनीचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो व जिनिव्हा येथे थांबून ते 10 जूनला पोहोचले. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे 7200 किलोमीटर आहे. आज मध्ये न थांबणारे विमान सुमारे दहा तासांत तिथे जाते.

1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, जे. आर. डी. यांनी कराची ते मुंबई हा प्रवास एकट्याने पुन्हा केला. 1992 साली त्यांना भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, दोन शहरांमधील अंतर बदलत नाही, पण प्रवासाचा वेळ कमी होत जातो. आपण भरभर पुढे जाताना वाटेत कोणी अडले असेल, तर त्याच्यासाठी थांबायचे, हे जे. आर. डी. यांच्याकडून शिका.

स्वाध्याय
1. अबुकीर येथे काय घडले?
2. 1948 च्या आणि आजच्या मुंबई-लंडन प्रवासात कोणता फरक आहे?
3. तुम्ही जे. आर. डी. यांच्या जागी असता, तर काय केले असते? पाच वाक्ये लिहा.