नोकरीतून उद्योगाकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

उद्योगमहर्षी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत असतानाच ते सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत. तेथे बंधू रामूअण्णा त्यांची विक्री करीत. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची नेमणूक झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. जोडधंद्याचा पाया आधीच घातलेला असल्याने ते निराधार झाले नाहीत. बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी आरंभी बिचकले. तरी ते डगमगले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.