तीन काडतुसे

जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) म्हटले की मला आधी त्यांची काडतुसे आठवतात. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे निघताना त्यांच्या दुनळी रायफलीसाठी अवघी तीन काडतुसे होती. बळी ४३६, काडतुसे तीन! ती संपली आणि जखमी वाघीण समोर. मग साहेबांनी तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. तिच्या नळ्या नीट बसतही नव्हत्या. नेम धरला तोंडावर, गोळी लागली पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी.

या कामगिरीबद्दल नायब गव्हर्नर हेवेट यांनी त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. हलकी, अचूक; रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली हिनेच टिपला. पुढे ती प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे आली. २०१५ साली रिग्बी कंपनीने ती परत मिळवली.