कर्करोगामागची सवय शोधणारे डॉ. खानोलकर

मशेरी भाजल्याचा वास आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला वेगळा ओळखून द्यावा लागत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. लोणी-धामणीपासून पार डोंगराकडच्या वाड्यांपर्यंत कित्येक आज्यांचा दिवस असाच सुरू होतो. हे व्यसन आहे असे त्यांना वाटत नाही. त्या दात घासतात. रोजच्या, कुणाच्या डोळ्यांवर न येणाऱ्या अशा सवयींचा आणि कर्करोगाचा संबंध आपल्याकडे पद्धतशीरपणे शोधणाऱ्या पहिल्या माणसांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घ्यावे लागते.

खानोलकरांचा जन्म १८९५चा. वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतील एम.डी. मिळवली. पॅथॉलॉजी म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडवले ते पेशी आणि ऊती तपासून सांगणारे शास्त्र. आज गावोगावी रक्त-लघवी तपासणारी लॅब दिसते, म्हणून हा शब्द आपल्या तोंडी आहे. त्या काळात मात्र डॉक्टरकीत नाव काढायचे तर शस्त्रक्रिया करावी किंवा दवाखाना थाटावा, अशी रीत होती. खानोलकर मायदेशी परतले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवू लागले. प्राध्यापकाने फक्त पुस्तक शिकवू नये, स्वतःचे संशोधन चालवावे, हा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला. भारतातील पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असे त्यांना म्हणतात.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन खानोलकरांकडे आले. देशभरातून रुग्ण येऊ लागले आणि एक गोष्ट लक्षात येत गेली. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत जो कर्करोग फारसा महत्त्वाचा नव्हता, तो इथे रांगा लावून समोर उभा होता: तोंडाचा. खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाचे ओळीने एक हजार रुग्ण घेतले, त्यांची नोंद मांडली आणि १९४४ साली तो लेख एका अमेरिकी नियतकालिकात छापून आणला. काचपट्टीवर गाठीचा तुकडा पाहून निदान देणे एवढेच खरे तर पॅथॉलॉजिस्टचे काम. खानोलकर त्यापुढे गेले. रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हाही त्यांच्या अभ्यासाचा भाग झाला.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर दुसरा लेख लिहिला. भारतातील रूढींमुळे होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामातला हा सर्वांत वाचनीय भाग. पहिला प्रकार धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे त्याच जागी धोतर घट्ट आवळले की कातडी घासते, रंग उडतो, जाड होते, आणि क्वचित एखाद्याला तिथेच कर्करोग होतो. (साडी-परकराच्या नाडीमुळे बायकांच्या कमरेवर होणारा असाच कर्करोग डॉक्टरांनी नंतर नोंदवला.) दुसरा खैनीचा. चुना लावून मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत ठेवणाऱ्यांना तिथेच रोग होतो. तिसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याकडे अनेक जण, विशेषतः बायका, जाड विडीचे पेटते टोक तोंडाच्या आत ठेवून ती ओढतात. कर्करोग टाळूला होतो.

तिन्हींत एकच सूत्र आहे. सवय शरीराला जिथे रोज टेकते, तिथे रोग उगवतो. त्यामुळे कर्करोग म्हणजे नशिबाचा भोग, ही समजूतच डळमळली. ज्याची जागा सांगता येते त्याचे कारण शोधता येते, आणि कारण हाताने तोंडात घातलेले असेल तर ते हाताने थांबवताही येते. चुना तंबाखूतील निकोटिन लवकर शोषायला लावतो, तंबाखू वाळवताना-मुरवताना तिच्यात नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक रसायने तयार होतात, हे तपशील शास्त्राला पुढे कळले.

१९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांनी माणसे घडवली, हे त्यांच्या शोधांइतकेच मोठे काम. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. याच रणदिवेबाईंनी पुढे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. एल. डी. संघवी यांच्याबरोबर खानोलकरांनी मुंबईतील सहा समाजगटांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. कुष्ठरोग हा त्यांचा दुसरा ध्यास. त्याच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांत काय घडते ते त्यांनी बारकाईने तपासले.

१९५४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर दहा वर्षे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखवलेली वाट आपल्या जिल्ह्यापर्यंत आली. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाआधीचे चट्टे कुणाच्या तोंडात आहेत आणि तो माणूस तंबाखू कशी घेतो, याची सांगड त्यात घातली होती, आणि मशेरी लावणाऱ्या बायकाही त्यात होत्या. महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली ती २०१२ मध्ये. तंबाखूची पुडी आणि मशेरीची डबी आजही घरात आहेतच. खानोलकरांच्या लेखाला तोवर सदुसष्ट वर्षे झाली होती. इतका उशीर कशानेच समर्थनीय ठरत नाही.

घरात कुणी तंबाखू, मशेरी किंवा सुपारी घेत असेल तर महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि ओठाच्या मागची खोबण पाहावी. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखटाने होणारी आग, उभी तीन बोटे आत जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काही दिसले तर दुखायची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही.