बेन्वा द ब्वान्य (डी बॉईन)

बेन्वा द ब्वान्य (जन्म : ८ मार्च १७५१, शांबेरी, मृत्यू : २१ जून १८३०, शांबेरी) हा महादजी शिंदे यांच्या कवायती फौजेचा सेनापती होता. मराठी इतिहासग्रंथांत तो डी बॉईन या नावाने ओळखला जातो. पानिपतानंतर उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचा दरारा पुन्हा बसला, त्यात त्याच्या पलटणींचा मोठा वाटा होता. त्याचे जन्मगाव शांबेरी हे आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी लेस नदीच्या काठी वसलेले शहर असून ते आज फ्रान्समध्ये आहे. मात्र त्याच्या जन्माच्या वेळी ते सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखालील सव्हॉय प्रांतात मोडत होते आणि कायमचे फ्रान्समध्ये आले ते १८६० साली. म्हणून त्याला सरसकट फ्रेंच म्हणण्यापेक्षा सव्हॉयचा रहिवासी म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

== पूर्वायुष्य ==
त्याचे मूळ नाव बेन्वा लबोर्न्य. वडील कातडी व लोकर असलेल्या चामड्यांचे व्यापारी होते. दुकानात त्याचे मन रमले नाही. १७६८ साली तो फ्रान्सच्या सैन्यातील आयरिश पलटणीत दाखल झाला. तेथे शिस्त आणि इंग्रजी भाषा या दोन गोष्टी त्याने आत्मसात केल्या; पुढे दोन्हींचा त्याला जन्मभर उपयोग झाला. बढतीची आशा दिसेना, तेव्हा तो रशियाच्या चाकरीत गेला, तुर्कांशी लढताना पकडला गेला आणि काही काळ कैदेत राहिला. सुटकेनंतर पश्चिम आशियातून वाट काढीत १७७८ मध्ये तो मद्रासला पोहोचला.

मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीच्या एका देशी पलटणीत त्याला कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा मिळाली. १७८० साली पोल्लिलूर येथे हैदरअलीच्या फौजेने कर्नल बेलीची तुकडी कापून काढली. ब्वान्यची पलटणही त्या तुकडीत होती. परंतु तो त्या वेळी रसदीच्या बंदोबस्तावर दुसरीकडे गेला होता, म्हणून वाचला. कंपनीची नोकरी सोडून तो कलकत्त्याला व तेथून लखनौला गेला. लखनौत ल्यों शहराचा क्लोद मार्तें हा त्याचा मित्र झाला. फारसी आणि हिंदुस्थानी भाषा तो येथेच शिकला.

== महादजींच्या सेवेत ==
१७८४ च्या सुमारास महादजींनी त्याला दोन पलटणी उभारण्याचे काम दिले. युरोपीय पद्धतीची फौज मराठ्यांना नवी नव्हती. इब्राहिमखान गारद्याची पलटण पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने लढली होती आणि स्वतः महादजी त्या रणातून पायाला कायमची जखम घेऊन परतले होते. घोडदळाच्या गनिमी काव्याने दख्खनचे डोंगर राखता येतात, उत्तरेची सपाट मैदाने राखता येत नाहीत, हा धडा त्यांनी तेथे घेतला असावा असे मानण्यास जागा आहे. ब्वान्यने नोकरी पत्करताना एक अट घातली होती. कंपनी सरकारविरुद्ध आपण लढणार नाही, अशी ती अट होती. महादजींनी ती मान्य केली. या अटीचे मोल किती, हे पुढे १८०३ साली कळले.

१७८७ मध्ये लालसोटच्या लढाईत राजपूत सैन्याशी सामना झाला. महादजींच्या बाजूची मोगल फौज शत्रूला मिळाली आणि माघार घ्यावी लागली. तरीही ब्वान्यच्या पलटणी चौक बांधून उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी आग्र्याजवळ इस्माईल बेगाचा पराभव झाला. त्यानंतर दोन पलटणींची संख्या वाढवावी असे त्याचे म्हणणे पडले. ते महादजींनी तेव्हा मानले नाही. ब्वान्य नोकरी सोडून लखनौला नीळ व कापडाचा व्यापार करू लागला. काही काळातच महादजींनी त्याला परत बोलावले आणि दहा पलटणींचा आख्खा कंपू उभारण्याची मोकळीक दिली.

१७९० हे त्याच्या कीर्तीचे वर्ष. २० जून रोजी राजस्थानातील पाटण येथे इस्माईल बेग व त्याचे राजपूत मित्र यांचा त्याने पराभव केला. १० सप्टेंबर रोजी मेडत्याला जोधपूरच्या राठोडांशी गाठ पडली. पहाटेच्या अंधारात त्याच्या एका अधिकाऱ्याने हुकमाविना पुढे मजल मारली आणि राठोड घोडेस्वारांनी त्या फटीतून झडप घातली. ब्वान्यने तत्काळ सैन्याचा पोकळ चौक केला. राठोड पुन्हा पुन्हा संगिनींवर तुटून पडले आणि मोठ्या संख्येने कामी आले. त्यांच्या शौर्याविषयी विजेत्यांनाही आदर वाटला. मात्र बंदूक आणि तोफ यांच्या शिस्तबद्ध माऱ्यापुढे एकट्या शौर्याचा निभाव लागत नाही, हे त्या दिवशी दिसून आले.

१७९३ मध्ये लाखेरीच्या खिंडीत प्रतिपक्ष होता तुकोजी होळकरांचा, म्हणजे मराठ्यांचाच. होळकरांनीही दुद्रनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून पलटणी तयार करवून घेतल्या होत्या. शिंद्यांच्या घोडदळाचे नेतृत्व गोपाळरावभाऊंकडे होते. दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट होऊनही ब्वान्यची फळी मोडली नाही. होळकरांच्या पलटणी मात्र जवळजवळ नष्ट झाल्या. मराठी राज्याच्या दृष्टीने हा विजय की हानी, हे वाचकाने ठरवावे.

== फौजेची रचना ==
कंपूचे मुख्य ठाणे अलीगढ येथे होते. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतण्याचे काम पाही. गंगा-यमुनेच्या दुआबातील परगण्यांचा वसूल फौजेच्या खर्चासाठी नेमून दिला होता, त्यामुळे शिपायांचा पगार वेळेवर होई. त्या काळी पगार महिनोन् महिने तुंबत, शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसत. अशा काळात ठरल्या दिवशी हातात पडणारा पगार हे ब्वान्यच्या यशाचे एक मोठे कारण होते. जखमींसाठी वैद्य आणि अपंग झालेल्यांसाठी तरतूद, याही गोष्टी त्याच्या फौजेत होत्या. पलटणींच्या निशाणावर सव्हॉयचा पांढरा क्रूस असे. अखेरीस असे तीन कंपू तयार झाले.

== महादजींचा मृत्यू आणि प्रस्थान ==
१७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. उत्तरेचा कारभार ज्यांच्यावर सोपविला होता, त्यांत ब्वान्य प्रमुख होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे निधन झाले. ती जागा आज शिंदे छत्री म्हणून प्रसिद्ध आहे. दौलतराव शिंदे गादीवर आले तेव्हा ते अवघे पौगंडावस्थेत होते. ब्वान्यने त्यांची चाकरी इमानाने केली. मार्च १७९५ मधील खर्ड्याच्या लढाईत त्याचा पहिला कंपू पेराँच्या हाताखाली निजामाविरुद्ध उभा होता.

प्रकृती ढासळल्यामुळे १७९५ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला व सप्टेंबर १७९६ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने युरोपचा रस्ता धरला. त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात अलीगढ, दिल्ली आणि लासवारी येथे ही फौज पराभूत झाली. युद्धाच्या तोंडावर तिचे अनेक युरोपीय अधिकारी इंग्रजांकडे निघून गेले होते, पेराँही त्यांतलाच. लासवारीला शिपाई मात्र अखेरपर्यंत लढले. देशी शिपायांतून वरिष्ठ अधिकारी तयार करण्याची व्यवस्था त्या फौजेत नव्हती, हा तिच्या घडणीतलाच दोष म्हणावा लागेल. त्याची जबाबदारी ब्वान्यवर जितकी, तितकीच शिंदे दरबारावरही आहे.

== कौटुंबिक जीवन ==
लखनौच्या नूर बेगमपासून त्याला एक मुलगी व एक मुलगा झाला. ती मुलांसह त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली आणि तेथे हेलन बेनेट या नावाने राहिली. त्यांच्या संबंधाला युरोपीय कायद्याची मान्यता नव्हती. ब्वान्यने तिला वर्षासन बांधून दिले आणि जून १७९८ मध्ये लंडनमध्ये आदेल दोस्माँ या सतरा वर्षांच्या फ्रेंच सरदारकन्येशी विवाह केला. तो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. हा विवाह सुखाचा झाला नाही. दोघे लवकरच वेगळे राहू लागले. आदेलच्या आठवणी १९०७ मध्ये छापल्या गेल्या आणि फ्रेंच साहित्यात नावाजल्या गेल्या. त्यांतील पतीचे चित्र कटू आहे. हेलन बेनेट ससेक्समधील हॉर्शमजवळ उरलेले आयुष्य काढून १८५३ मध्ये वारली. ब्वान्यच्या चरित्रातील ही बाजू बहुतेक मराठी ग्रंथांत आलेली नाही. मुलगी तरुणपणीच गेली. मुलगा शार्ल अलेक्सांद्र त्याचा वारस झाला.

== अखेरची वर्षे ==
१८०२ नंतर तो शांबेरीत स्थायिक झाला. त्याने टिपू सुलतानाला दगा दिला अशी अफवा युरोपात उठली होती. वास्तविक टिपूच्या चाकरीत तो कधीच नव्हता. हिंदुस्थानात मिळवलेल्या संपत्तीचा मोठा भाग त्याने गावासाठी खर्च केला. इस्पितळ, वृद्धाश्रम, मनोरुग्णालय, नाट्यगृह यांना त्याने देणग्या दिल्या आणि जुन्या वस्तीतून कमानींचा रस्ता काढण्यास साहाय्य केले. तो रस्ता आजही त्याच्या नावाने आहे. सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट हा किताब दिला. राजस्थानचा इतिहासकार जेम्स टॉड १८२६ मध्ये त्याला शांबेरीत भेटला. ज्या राठोडांचा एकाने पराभव केला, त्यांचाच इतिहास दुसरा लिहीत होता.

त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये शहराच्या मध्यभागी कारंजे उभारण्यात आले. शिल्पकार सापे याने त्यात चार दिशांना तोंड केलेल्या चार हत्तींचे पुढचे भाग घडवले आहेत. वर स्तंभावर ब्वान्यचा पुतळा आहे. हत्तींना मागचा भाग नसल्यामुळे गावकऱ्यांनी कारंज्याला थट्टेचे एक टोपणनाव दिले असून तेच अधिक प्रचलित आहे.