समुद्राच्या गाळाचे वाचक : सर जॉन मरे

नायगावच्या रहिवाशांना शिवडीची खाडी दूर नाही. ओहोटीला तेथे उघडा पडणारा काळा चिखल आणि त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो. पण अशाच चिखलात समुद्राचा इतिहास वाचता येतो, याचा पाया ज्यांनी घातला त्या शास्त्रज्ञाची ओळख आपल्या मुलामुलींना व्हावी, म्हणून हा अल्प परिचय.

जॉन मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील कोबर्ग येथे एका स्कॉटिश कुटुंबात झाला. सतराव्या वर्षी ते स्कॉटलंडला आले. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी वैद्यकासह अनेक विषयांचा अभ्यास केला, पण पदवी घेतली नाही. ज्ञानाची ओढ मात्र जबरदस्त. १८६८ साली देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर डॉक्टर म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन आले.

१८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगाच्या महासागरांची पाहणी केली. त्या सफरीत मरे होते. खोल तळातून वर येणाऱ्या गाळाकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. या गाळाचा मोठा भाग पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. सफरीचे प्रमुख टॉमसन १८८२ मध्ये वारल्यावर पन्नास खंडांच्या अहवालाची जबाबदारी मरे यांनी उचलली व १८९५ पर्यंत ती तडीस नेली. १८९१ साली रेनार या बेल्जियन विद्वानाबरोबर लिहिलेला त्यांचा खोल समुद्रातील गाळावरचा ग्रंथ या शास्त्राचा आधार ठरला.

पुढे आयर्विन या रसायनतज्ज्ञाबरोबर त्यांनी निळसर काळ्या चिखलातील पाणी तपासले. मेलेले जीव तळाशी कुजतात तेव्हा प्राणवायू खर्च होतो. तो संपला की सूक्ष्म जंतू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरतात. त्यातून तो घाणेरडा वायू तयार होतो आणि लोहाशी मिळून चिखल काळा करतो. शिवडीच्या चिखलाचे रहस्यही हेच. म्हणजे पाण्यात प्राणवायू होता की नव्हता, याची साक्ष गाळ देतो.

हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटाच्या खडकात फॉस्फेट आहे, हेही मरे यांनी ओळखले. फॉस्फेट हे शेतातील पिकांचे व समुद्रातील शेवाळाचेही अन्न. १८८८ मध्ये ब्रिटनने ते बेट ताब्यात घेतले, पुढे कंपनी निघाली व मरे श्रीमंत झाले. त्या खाणींत चिनी मजूर राबले आणि बेरीबेरीने कित्येक दगावले, हेही विसरता कामा नये.

१६ मार्च १९१४ रोजी मोटार अपघातात मरे यांचे निधन झाले. मात्र आपल्या संपत्तीचा एक भाग त्यांनी समुद्रसंशोधनासाठी ठेवला होता. 'चॅलेंजर' अरबी समुद्रात आलेच नव्हते. ती उणीव या पैशाने भरून निघाली. १९३३-३४ मध्ये इजिप्त सरकारचे 'मबाहिस' जहाज, इजिप्शियन खलाशी आणि सेमूर सेवेल यांचे नेतृत्व अशी मोहीम निघाली. जहाजावर डॉ. हुसेन फौजी व अब्दुल फत्ताह मोहम्मद हे इजिप्तचे शास्त्रज्ञही होते. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला थर त्यांना आढळला. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ तर तळाच्या चिखलाला तोच कुजका वास होता.

हा थर पूर्वी कसा होता, हे आज गाळावरून शोधले जाते. प्राणवायू नसेल तर तळ उकरणारे किडे जगत नाहीत. मग दरवर्षीचे थर वहीच्या पानांसारखे शाबूत राहतात. अशा वेळी जंतू नायट्रेट वापरतात आणि त्यातील हलका नायट्रोजन आधी संपवतात. मागे राहिलेला जड नायट्रोजन शेवाळातून गाळात उतरतो. त्याच्या प्रमाणावरून असे दिसते की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, मोसमी वारे मंद असताना ही क्रिया फार कमी होती. वारे बळावले तसे खालचे पोषक पाणी वर आले, शेवाळ वाढले आणि ते कुजताना प्राणवायू घटला.

१९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात हे काम पुढे नेले. तेथील डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की पावसाळ्याच्या अखेरीस व त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या पाण्यातही प्राणवायू संपतो. मासळीवर पोट असलेल्या कोकणच्या कुटुंबांसाठी हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. समुद्र तापला व शेतातली खते त्यात वाहून गेली तर पुढे काय होईल, याचा अंदाज जुना गाळ वाचल्याशिवाय बांधता येणार नाही.

आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात, म्हणजे देणारा गेला तरी चालू राहणारे दान. मरे यांचे धन त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी आपल्या समुद्राच्या कामी आले. विद्येसाठी दिलेला पैसा कोठे फळेल हे देणाऱ्याला ठाऊक नसते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्या चिखलाकडे कोणी वळून पाहत नाही, त्यातही आयुष्यभर पुरेल इतका अभ्यास आहे. तो करणारे हात आपल्या शाळांतून निघोत, हीच सदिच्छा.