पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४–१९६७)

वर्धा येथे जन्मलेल्या खानखोजे यांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. हीच अमेरिका १९१७ मध्ये महायुद्धात उतरून ब्रिटनच्या बाजूस गेली आणि सॅन फ्रान्सिस्को येथे गदरच्या कार्यकर्त्यांवर खटला चालला. महायुद्धकाळात खानखोजे इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले. या देशाचा जवळजवळ निम्मा प्रदेश १८४८ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात गेला होता. तेथे चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन करीत त्यांनी मक्यावर संशोधन केले व शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले. क्रांतिकारकांची आश्रयभूमी महासत्ता होताना साम्राज्याची सहयोगी कशी बनली, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.