न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : ऐकून घेण्याची थोरवी



न्यायालयात खटला चालतो त्यास आपण ‘सुनावणी’ म्हणतो. निकाल शेवटी येतो. त्याआधी दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यावे लागते. हे ऐकून घेण्याचे व्रत ज्यांनी न्यायासनावर आणि न्यायासनाबाहेरही पाळले, त्या न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र आपण प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे.

त्यांचा जन्म 1844 साली मुंबईत, सुलेमानी बोहरा समाजातील एका व्यापारी कुटुंबात झाला. वडील तय्यब अली यांनी मुलांच्या शिक्षणासाठी हात आखडता घेतला नाही. बद्रुद्दीन प्रथम मदरशात फारसी व हिंदुस्थानी शिकले, पुढे एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी विलायतेस रवाना झाले. तेथे डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले. शिक्षण अर्धवट टाकून घरी यावे लागले. तरीही ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर होऊनच परतले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. मित्रांनो, एखाद्या परीक्षेत अपयश आले म्हणून शाळा सोडू पाहणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्या काळी आपला समाज नव्या शिक्षणापासून दूर होता. बद्रुद्दीन, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आणि इतर समाजधुरीण यांनी 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. बोरीबंदर स्टेशनासमोरील तिची भव्य इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

1887 साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांचा या सभेला कडवा विरोध होता. तय्यबजींनी त्यांना शत्रू मानले नाही. पत्रे लिहून त्यांचे आक्षेप समजून घेण्याचा यत्न केला. जो विषय हिंदू अथवा मुसलमान प्रतिनिधींना जवळजवळ एकमताने अमान्य असेल, तो सभेने हाती घेऊ नये, असा नियम त्यांनी सुचविला आणि 1888 साली सभेने तो स्वीकारला. विरोधकाचे म्हणणे नीट ऐकले की त्यातूनही वाट निघते ती अशी.

1895 साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1897 साली ‘केसरी’तील लेखनावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. अर्ज पुन्हा आला तो न्या. तय्यबजींपुढे. सरकारची नाराजी उघड होती. मुंबईतील हिंदु-मुसलमान दंग्याला चारच वर्षे झाली होती. टिळकांचा राजकीय मार्गही तय्यबजींच्या मार्गाहून निराळा होता. तरीही त्यांनी अर्जातील म्हणण्याकडेच लक्ष दिले. आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच जामिनाचा हेतू, हे ओळखून त्यांनी जामीन मंजूर केला. समोरचा कोण आहे यापेक्षा तो काय सांगतो आहे, हे त्यांनी पाहिले.

घरातही हीच वृत्ती होती. त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले. पुढे दोघींना विलायतेतही शिकविले. 1903 साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा कैवार घेतला. 1906 साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

वाचकहो, अल्लाहचे एक नाव ‘अस्-समी’, म्हणजे सर्व काही ऐकणारा. आपल्या पतीविषयीचे गाऱ्हाणे घेऊन पैगंबर साहेबांकडे आलेल्या एका स्त्रीची फिर्याद अल्लाहने ऐकली, हे कुरआन शरीफात नमूद आहे. कुरआन पढला जात असता शांतपणे कान द्यावा, हीही आपल्याला शिकवण आहे. मशिदीत कान देणाऱ्याने घरी आल्यावर कान झाकून कसे चालेल?

आपले पालक भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळीपाळीने राबतात. यंत्राचा आवाज जरा बदलला की जाणता कामगार बिघाड ओळखतो. तोच कान घरीही असू द्या. दहावीनंतर पुढे शिकायचे आहे, असे मुलगी हळूच सांगते तेव्हा तिचे पुरते ऐका. लगेच निकाल देऊ नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही थकून आलेल्या आईवडिलांची अडचण मध्येच न तोडता ऐका.

प्रत्येक घरात आधी सुनावणी आणि मग निकाल, एवढी शिस्त आपण बाळगली तरी या थोर पुरुषाचे स्मरण सार्थकी लागेल. अल्लाह आपणा सर्वांना ऐकून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.